माणसाविषयीचे कागद आणि माणसाचा कागद

तुरुंगात गेलेल्या माणसाचे तीन प्रकारचे कागद तयार होतात. पहिला न्यायालयाचा. त्यात त्याचे नाव, बापाचे नाव, कलम, पुरावा आणि शिक्षा असते. दुसरा डॉक्टरचा. त्यात उंची, वजन, नाडी, आजार, औषध आणि वेळ आलीच तर मृत्यूचा दाखला असतो. तिसरा कागद त्या माणसाचा स्वतःचा. तो म्हणजे त्याने घरी लिहिलेले पत्र. पहिल्या दोन कागदांवर शिक्का असतो, क्रमांक असतो, ते दप्तरात बांधून ठेवले जातात. तिसऱ्यावर तुरुंगाधिकाऱ्याची नजर फिरते, कधी काही ओळी खोडल्या जातात आणि घरी पोहोचलेच तर ते आईच्या पेटीत कपड्यांच्या घडीखाली जाते. आई गेली की पेटी रिकामी होते आणि पत्र रद्दीत जाते.

वैद्यक, दंडशास्त्र आणि जुना पत्रव्यवहार हे अभ्यासाचे तीन वेगळे प्रांत मानण्याची आपल्याकडे प्रथा आहे. डॉक्टराने कायद्यात पडू नये, वकिलाने इतिहासात रमू नये, आणि जुनी पत्रे ही तर साहित्यिकांची हौस. पण शिक्षा भोगणाऱ्या माणसाच्या देहावर आणि आयुष्यावर हे तिन्ही प्रांत एकत्र येतात. म्हणून त्यांचा एकत्र अभ्यास करणाऱ्या संशोधकासमोर उभा राहणारा प्रश्न केवळ पद्धतीचा नसतो. तो नीतीचा असतो. एखाद्या माणसाचे म्हणणे वाचल्याशिवाय त्याच्याविषयी शेवटचा शब्द लिहिण्याचा अधिकार कुणाला आहे काय?

या प्रश्नाकडे आपण सोलापूरहूनच पाहू.

मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेची बातमी आली आणि हे गिरणीकामगारांचे शहर पेटून उठले. ८ मे रोजी गोळीबार झाला, माणसे मेली, पोलीस चौकी जळाली, पोलीसही मारले गेले. १२ मे रोजी सरकारने मार्शल लॉ पुकारला. काँग्रेसचा झेंडा बाळगणे हाही गुन्हा ठरला. पुढे पोलिसांच्या हत्येच्या आरोपावरून चौघांवर खटला चालला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी देण्यात आले. कुर्बान हुसेन तेव्हा ऐन विशीतले होते. ते ‘गझनफर’ नावाचे वृत्तपत्र चालवीत आणि कामगारांत काम करीत.

खटल्याच्या कागदात हे चौघे आरोपी आहेत. आज शहराच्या मध्यावर, चार हुतात्मा चौकात, तेच चौघे हुतात्मा आहेत. माणसे तीच, घटना तीच, शब्द मात्र बदलला. कागदावरचा शब्द अंतिम नसतो याचे याहून जवळचे उदाहरण सोलापूरकराला नको. पण पुतळ्यालाही एक मर्यादा असते. सरकारच्या कागदाने या तरुणांना एका शब्दात बांधले, आपण दुसऱ्या शब्दात बांधले. एकोणीस-वीस वर्षांचा असताना त्याला कशाची भीती वाटत होती, आईची काय काळजी होती, कुणाचे चार आणे द्यायचे राहिले होते, हे आरोपपत्र सांगत नाही आणि पुतळाही सांगत नाही. ते पत्रच सांगू शकते.

आता दुसरा कागद पाहू. शिक्षेच्या इतिहासात डॉक्टर सतत भेटतो, आणि तो दयेच्या वेषात भेटतो. फ्रान्समध्ये १७८९ साली शिरच्छेदाचे यंत्र असावे म्हणजे गरीब-श्रीमंतांना सारखाच आणि कमी वेदनेचा मृत्यू मिळेल, असे सुचवणारे गियोतँ हे डॉक्टर होते. त्या यंत्राची आखणी करणारे अंत्वान लुई हेही शल्यवैद्यच. १८६६ साली डब्लिनच्या सॅम्युएल हॉटन यांनी शरीरशास्त्र आणि यंत्रशास्त्र यांचा मेळ घालून फाशीचा हिशोब मांडला. कैद्याच्या वजनावरून दोराची लांबी ठरवावी, म्हणजे तो गुदमरत राहणार नाही, मान तत्काळ मोडेल, असा त्याचा आशय. हेतू दयेचाच होता. पण दवाखान्यात औषधाची मात्रा ठरवण्यासाठी ज्या काट्यावर वजन करतात, त्याच काट्यावर आता दोराची लांबी ठरू लागली. अमेरिकेत १९७७ साली प्राणघातक इंजेक्शनाची पद्धत सुचवणारेही एक डॉक्टरच होते. सुई, शीर आणि पांढरी चादर, सगळे इस्पितळासारखेच. फरक एवढाच की इथे रोगी बरा होऊन घरी जात नाही.

आपल्याकडचे उदाहरण अधिक बोचरे आहे. १८५७ च्या उठावानंतर अंदमानात कैद्यांची वसाहत उभारण्यासाठी मार्च १८५८ मध्ये ज्याला पाठवले, तो जेम्स पॅटिसन वॉकर पेशाने डॉक्टर होता. त्याआधी तो आग्रा तुरुंगाचा अधीक्षक होता. कैद्यांच्या प्रकृतीची जबाबदारी त्याची आणि शिक्षेचीही त्याचीच. पहिल्या काही महिन्यांतच पळून जाऊन पकडल्या गेलेल्या ऐंशीहून अधिक कैद्यांना त्याने फासावर चढवले. ज्या हाताने नाडी पाहायची त्याच हाताने हुकमावर सही करायची, असा तो कारभार होता.

एकाच माणसाने वैद्य आणि न्यायाधीश होणे वाईटच असे मात्र म्हणता येत नाही. बाराव्या शतकात कुर्तुब्याचे काझी असलेले इब्न रुश्द हे वैद्यही होते. त्यांचा वैद्यकावरचा ग्रंथ युरोपच्या विद्यापीठांत शिकवला गेला आणि फिकहवरचा ग्रंथ आजही मदरशांत वाचला जातो. फिकहवरच्या त्या ग्रंथाचा गाभा असा की, एकाच प्रश्नावर विद्वानांची मते का वेगळी पडली, हे प्रत्येक बाजूचे म्हणणे मांडून समजून घ्यायचे. वॉकर आणि इब्न रुश्द यांच्यातला फरक इथे आहे. विद्या दोघांजवळ होती. समोरच्याचे म्हणणे मांडण्याची शिस्त एकाजवळ होती, दुसऱ्याजवळ नव्हती. शेवटी इब्न रुश्दनाही ११९५ साली हद्दपारी भोगावी लागली. न्यायाच्या खुर्चीत बसलेला माणूस शिक्षेच्या बाजूलाही जाऊन आला.

सोलापूरने वैद्यकाची दुसरी वाटही पाहिली आहे. येरवड्यात चौघांना फाशी झाली तेव्हा द्वारकानाथ कोटणीस वीस वर्षांचे होते. याच गावात १० ऑक्टोबर १९१० रोजी त्यांचा जन्म झाला. पुढे मुंबईत ते डॉक्टर झाले आणि १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून युद्धग्रस्त चीनला गेले. तिथे असतानाच वडिलांच्या निधनाची बातमी त्यांना कळली. तरी ते परतले नाहीत. जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करीत राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच वारले. चीनहून ते घरी पत्रे लिहीत. ख्वाजा अहमद अब्बास यांनी १९४४ साली त्यांच्यावर पुस्तक लिहिले आणि १९४६ साली शांतारामबापूंनी चित्रपट काढला. पुस्तक आणि चित्रपट यांनी कोटणिसांना अमर केले हे खरे. पण मुलगा, भाऊ आणि मित्र म्हणून ते कसे होते, हे पाहायचे तर घरच्या पत्रांकडेच जावे लागते. भैय्या चौकातले त्यांचे घर स्मारक झाले आहे. त्या घराचे महत्त्व वीरपुरुषाचे जन्मस्थान एवढेच नाही. पोस्टमन जिथे चीनचे पाकीट घेऊन येत होता, तो हा उंबरा आहे.

जागतिक वैद्यकीय संघटनेने १९८१ साली ठराव केला की मृत्युदंडाच्या अंमलबजावणीत डॉक्टरने भाग घेणे वैद्यकीय नीतीला सोडून आहे. मृत्यू प्रमाणित करण्यापुरतीच मोकळीक त्यात ठेवली. आपल्या तुरुंगांत फाशीच्या वेळी वैद्यकीय अधिकारी हजर असतो. त्याच्यावर रागावण्यात अर्थ नाही, तो नोकरीतला माणूस आहे. विचार करण्याची गोष्ट अशी की त्याची विद्या कुणाच्या बाजूने साक्ष देते. ती फक्त दोराची साक्ष देते, की दोराखाली उभ्या असलेल्या माणसाचीही?

तिसरा कागद, म्हणजे पत्र, हे शिक्षेच्या जगात किती मोठी गोष्ट असते, याची आठवण उर्दू वाङ्मय आपल्याला वारंवार करून देते. १८५७ नंतरची उजाड दिल्ली समजून घ्यायला इतिहासकार सरकारी अहवालांइतकेच गालिबच्या पत्रांकडे वळतात. अंदमानात काळ्या पाण्याची शिक्षा भोगत १८६१ साली वारलेले मौलाना फजले हक खैराबादी यांनी उठावाची हकिकत अरबीत लिहिली. कागद मिळत नसल्याने ती कपड्याच्या तुकड्यांवर, कोळशाने लिहून बाहेर पाठवली, असे सांगितले जाते. डॉक्टर वॉकरने सुरू केलेल्या त्याच बेटांवर हा तर्कशास्त्राचा पंडित मेला. वसाहतीच्या सरकारी नोंदीत तो एक कैदी. स्वतःच्या लिखाणात तो एक साक्षीदार.

दुसरे उदाहरण आपल्या शेजारच्या जिल्ह्याचे. ऑगस्ट १९४२ पासून मौलाना आझाद अहमदनगरच्या किल्ल्यात कैदेत होते. ती खटला चालवून दिलेली शिक्षा नव्हती, स्थानबद्धता होती. पण पत्रांवरचे निर्बंध तुरुंगाचेच होते. मौलानांनी आपले मित्र हबीबुर्रहमान खान शेरवानी यांना पत्रे लिहायला सुरुवात केली. ती पाठवता येणार नाहीत हे ठाऊक असूनही लिहिली. ‘गुबार-ए-खातिर’ या नावाने ती १९४६ साली प्रसिद्ध झाली. चहा, चिमण्या, संगीत, ईश्वर, सगळे त्यात आहे. एप्रिल १९४३ मध्ये त्यांच्या पत्नी जुलेखा बेगम कलकत्त्यात वारल्या. आजारपणाच्या काळात सरकारकडे काही विनंती करायची असेल तर ती तातडीने पोहोचवू, असे तुरुंगाधिकारी सांगत होता. मौलानांनी विनंती केली नाही. सरकारी फायलीत याची नोंद फार तर एका ओळीची होईल की कैद्याने अर्ज केला नाही. त्या एका ओळीमागे किती घुसमट होती, हे फक्त पत्रातून कळते. फाईल वाचणारा म्हणेल, माणूस कठोर होता. पत्र वाचणारा असे म्हणणार नाही.

पत्र म्हणजे केवळ भावनेचा विषय नाही, तो हक्काचा विषय आहे, हे स्वतंत्र भारतातही शिकावे लागले. ९ फेब्रुवारी २०१३ रोजी तिहार तुरुंगात अफजल गुरूला फाशी देण्यात आले. त्याच्या घरच्यांना कळवणारे स्पीड पोस्टाचे पत्र काश्मीरमध्ये ११ तारखेला पोहोचले. त्याच्या गुन्ह्याविषयी कुणाचे मत काहीही असो, शिक्षा त्याला झाली होती, त्याच्या बायकोला आणि मुलाला नव्हती. शेवटच्या भेटीचा हक्क त्यांचाही होता. जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शत्रुघ्न चौहान खटल्यात पंधरा जणांची फाशी जन्मठेपेत बदलली आणि काही नियम घालून दिले. दयेचा अर्ज फेटाळल्याचे कळवल्यापासून फाशीपर्यंत किमान चौदा दिवस जाऊ द्यावेत, घरच्यांना वेळेत कळवावे, शेवटची भेट घडवावी, कैद्याची शारीरिक आणि मानसिक तपासणी करावी, नंतर शवविच्छेदन करावे. या नियमांकडे नीट पाहिले तर त्यात तिन्ही कागद एकत्र आलेले दिसतात. न्यायालयाचा हुकूम, डॉक्टरचा दाखला आणि घरचे पत्र. या तिन्हींची गरज देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाने मान्य केली.

माणूस न वाचता फक्त गुन्हा वाचला की काय होते, याचाही दाखला आहे. १९८० साली बच्चनसिंग खटल्यात घटनापीठाने ठरवले की फाशी अपवादात अपवादच असावी आणि ती देताना गुन्ह्याबरोबर गुन्हेगाराचाही विचार व्हावा. राजस्थानातल्या रावजी नावाच्या कैद्याच्या खटल्यात हे विसरले गेले. गुन्ह्याचे स्वरूप तेवढे पाहायचे, गुन्हेगार पाहायचा नाही, असा निकाल लागला आणि १९९६ साली तो फासावर गेला. २००९ साली महाराष्ट्रातल्याच बरियार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती चूक होती हे मान्य केले. तोवर रावजी जाऊन तेरा वर्षे झाली होती. मग २०१२ साली चौदा निवृत्त न्यायाधीशांनी राष्ट्रपतींना पत्रे लिहिली. याच चुकीच्या आधाराने फाशी सुनावलेल्या तेरा कैद्यांचे प्राण वाचवा, अशी त्यांची विनंती होती. आयुष्यभर निकाल लिहिलेल्या माणसांना शेवटी पत्र लिहावे लागले, हे मला फार अर्थपूर्ण वाटते.

पुण्यातल्या १९९४ सालच्या एका खून खटल्यातल्या कैद्याची फाशी सर्वोच्च न्यायालयापर्यंत कायम झाली होती. घटनेच्या वेळी तो अवघ्या बारा वर्षांचा होता, हे राजस्थानातल्या एका गावच्या शाळेच्या नोंदीवरून शेवटी सिद्ध झाले आणि मार्च २०२३ मध्ये तो सुटला. अठ्ठावीस वर्षे गेली होती. शाळेच्या दप्तरातली एक ओळ अठ्ठावीस वर्षे कुणी धडपणे वाचली नव्हती.

अलीकडे ही उणीव भरून काढणारे संशोधन होऊ लागले आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने देशभरातल्या फाशीच्या कैद्यांना आणि त्यांच्या घरच्यांना प्रत्यक्ष भेटून २०१६ साली अहवाल काढला. कैद्यांपैकी ७४ टक्क्यांहून अधिक आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि ७६ टक्के मागास जाती-जमातींतले किंवा धार्मिक अल्पसंख्याक होते. २०२१ साली त्याच विद्यापीठाने ८८ कैद्यांच्या मानसिक आरोग्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतल्या सुमारे ६२ टक्के कैद्यांना कुठला ना कुठला मानसिक आजार होता. इथे डॉक्टरची विद्या दोराची लांबी मोजत नाही, माणसाचे म्हणणे ऐकते. आणि २०१५ साली दहशतवादाशी संबंधित गुन्हे वगळता फाशी रद्द करावी, अशी शिफारस ज्या विधी आयोगाने केली, त्याचे अध्यक्ष न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा हे मूळचे सोलापूरचेच. आयोगातल्या काही सदस्यांनी वेगळे मत नोंदवले. तेही अहवालात छापले गेले, हे योग्यच झाले.

इथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. कैद्याच्या पत्राचे एवढे कौतुक, मग ज्याचा खून झाला त्याच्या पत्राचे काय? मेलेला माणूस तर पत्र लिहू शकत नाही. सोलापुरात १९३० साली मेलेल्या पोलिसांनाही घर होते, मुले होती. त्यांच्यापैकी कुणाचा पुतळा नाही. हा आक्षेप टाळून चालणार नाही. पण त्याचे उत्तर कैद्याचा कागद फाडण्यात नाही. मृताच्या घरचे कागदही तितक्याच आदराने वाचण्यात आहे. न्याय म्हणजे एकाचे तोंड बंद करून दुसऱ्याला बोलू देणे नव्हे. दुसरा आक्षेप असा की पत्र खोटेही असू शकते. अर्थातच असू शकते. तुरुंगातला माणूस आईला “मी खुशाल आहे” असेच लिहितो. डॉक्टरच्या वहीत त्याच दिवशी त्याला ताप असतो. म्हणून तर दोन्ही कागद शेजारी ठेवायचे. वहीतून ताप कळतो आणि पत्रातून आईवरची माया.

राहिला परवानगीचा प्रश्न. दुसऱ्याचे पत्र वाचू नये, हे आपल्याला घरात लहानपणापासून शिकवतात. मग संशोधकाने मृताचे पत्र का वाचावे? माझ्या मते त्याला ते मालक म्हणून वाचता येत नाही, अमानतदार म्हणून वाचता येते. अमानत या शब्दात आपल्या समाजाने एक संपूर्ण नीतिशास्त्र साठवले आहे. ठेव वापरायची नसते, मिरवायची नसते, बदलायची नसते. ज्याची आहे त्याच्या हिताला जपत ती पुढे सोपवायची असते. पत्रातली घरगुती लाज चव्हाट्यावर न आणता त्यातला माणूस जगापुढे आणणे, हे अमानतदाराचे काम. डॉक्टरने रोग्याचे गुपित राखणे आणि इतिहासकाराने मृताचे गुपित राखणे यांत फारसे अंतर नाही.

हे काम विद्यापीठांवर सोडून भागणार नाही. सोलापूरच्या कितीतरी मुस्लिम घरांत आजोबांची पोस्टकार्डे, आंतरदेशीय पत्रे, आखातातून आलेली पाकिटे, क्वचित तुरुंगातून आलेली पत्रेही पडून आहेत. काही उर्दूत, काही मोडीत, काही मराठीत. नातवंडांना उर्दू वाचता येत नाही आणि मोडी तर मुलालाच येत नव्हती. १९९० साली याच शहरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा आपण म्हटले की आमचे जगणे आम्हीच मराठीत मांडू. त्या जगण्याचे मूळ दस्तऐवज घरातल्या पेट्यांत आहेत. दिवाणखान्याला रंग देताना ते रद्दीवाल्याकडे जाऊ नयेत, ज्याला लिपी येते त्याच्याकडून ते वाचून घ्यावेत, तारीख आणि नाव लिहून जपावेत, एवढे तर कुणीही करू शकतो.

कारण सरकारचा कागद आपोआप टिकतो. त्यासाठी कपाटे आहेत, कारकून आहेत, कायदा आहे. माणसाचा कागद टिकवावा लागतो. तो टिकला नाही तर उद्याचा संशोधक आपल्याविषयी लिहिताना फक्त आरोपपत्र आणि मृत्यूचा दाखला उघडेल, आणि त्याला वाटेल की या दोन कागदांच्या मध्ये काहीच घडले नव्हते.